गाळलेली विनंती

रविवारच्या मिस्सेत, चर्चमधल्या उपासनेत, एकमेकांना शांती देण्याची वेळ आली, तेव्हा रेगीनाने नेहमीसारखा डावीकडे वळून हात पुढे केला आणि झेनॉनने तो घेतला नाही. त्याला तो दिसला नाही असं नव्हतं. त्याने हाताकडे नीट पाहिलं, दुकानात एखादी वस्तू उचलायची की नाही हे ठरवताना माणूस पाहतो तसं, आणि मग तोंड वेदीकडे फिरवलं. साथीच्या वर्षांपासून देवळात सगळे नुसती मान लववत. शेजारच्याला, मागच्याला, संपलं. हात मिळवायची जुनी रीत या दोघांनीच सोडली नव्हती. त्यामुळे पुढे आलेला तो एकटा हात मागच्या दोन-तीन बाकांवरच्या बायकांनाही दिसला असणार. रेगीनाने तो मागे घेतला आणि मांडीवर ठेवला. आपल्याला लाज वाटेल, राग येईल, निदान कानशिलं तरी तापतील, अशी तिने वाट पाहिली. काही झालं नाही. हात कुणीतरी बाकावर विसरून गेलेल्या छत्रीसारखा मांडीवर पडून होता. वरती ऑर्गन सुरू झाला, माणसं ख्रिस्तप्रसादासाठी रांगेत उभी राहू लागली. भावाशी वैर असेल तर आधी समेट कर आणि मग वेदीपाशी ये, हे वचन तिने स्वतः याच देवळात कितीदा वाचून दाखवलं होतं. पण पाय उठले म्हणून ती उठली आणि रांगेत गेली. तिच्यापुढे झेनॉनच होता. त्याच्या कोटाच्या कॉलरवर पांढरा दोरा चिकटलेला होता. चाळीस वर्षांच्या मैत्रीत असा दोरा तिने कितीदा तरी न विचारता काढून टाकला असता. आज ती त्या दोऱ्याकडे बघत एकेक पाऊल पुढे सरकत राहिली.

कारण तिला माहीत होतं. या देवळाच्या सगळ्या धर्मग्रामाला माहीत होतं. मागच्या रविवारी वाचन तिचं होतं. लुडविक, तिचा नवरा, गेल्यापासून महिन्यातून दोनदा ती वेदीशेजारच्या उभ्या मेजापाशी जाऊन शास्त्रपाठ वाची आणि मग लोकांच्या विनंत्या वाची. प्रत्येक विनंतीनंतर सगळे म्हणत, प्रभू, आमची प्रार्थना ऐक. त्या दिवशी पोपसाठी झाली, आजाऱ्यांसाठी झाली, पावसासाठी झाली. चौथी होती ती अशी, की जे आपल्या ख्रिस्ती मायभूमीची पाठराखण करतात त्यांना येत्या निवडणुकीत विजय लाभो. पक्षाचं नाव नव्हतं. नावाची गरजच नव्हती; देवळाच्या कुंपणावर त्या उमेदवाराचा हातभर लांब चेहरा लटकत होता आणि तो टांगणारा झेनॉन पहिल्या बाकांत बसला होता. रेगीनाने तोंड उघडलं. वाक्य समोर होतं, चष्मा नाकावर होता. आवाज आला नाही. तिने श्वास घेतला, पुन्हा उघडलं, पुन्हा नाही. कुणीतरी खोकलं. मग तिची नजर आपोआप खालच्या ओळीवर घसरली आणि मृतांसाठीची विनंती तिने अगदी स्वच्छ, खणखणीत आवाजात वाचली. प्रभू, आमची प्रार्थना ऐक, लोक म्हणाले. जरा उशिरा, जरा विस्कळीत.

आपण ते ठरवून केलं का, हे तिला अजून कळलेलं नव्हतं. मिस्सा झाल्यावर वेदीमागच्या खोलीत फादर दामियान वस्त्रं उतरवता उतरवता म्हणाले होते, "रेगीनाबाई, घसा बसला होता का?" त्या प्रश्नातूनच त्यांनी दार उघडून धरलं होतं, तिने फक्त बाहेर पडायचं होतं. हो म्हटलं असतं तर गरम दूध, मध, असं काहीतरी बोलून ते हसले असते. माणूस वाईट नव्हता. लुडविकच्या शेवटच्या दिवसांत ते रोज दुपारी येऊन त्याच्या उशाशी बसत, फुटबॉलच्या जुन्या सामन्यांवर त्याच्याशी वाद घालत, आणि जाताना कचऱ्याची पिशवी खाली घेऊन जात. तिने नाही म्हटलं. घसा ठीक आहे म्हणाली. मग फादर वस्त्राच्या घड्या घालू लागले. ते म्हणाले की त्यांना भीती वाटते. शाळेतला धर्माचा तास जाईल, भिंतीवरचे क्रूस जातील, आणि दहा वर्षांनी या देवळात फक्त पर्यटक येतील. मेंढपाळाने लांडगा दाखवायचा नाही, तर मग करायचं तरी काय? तेही बहुधा खरं असेल, असंच तिला वाटलं. "काही दिवस वाचनातून विश्रांती घ्या," शेवटी ते हळूच म्हणाले, आणि तिने मान डोलावली. जिन्यावर तिला एक उत्तर सुचलं: लांडगा जरूर दाखवा फादर, पण राखणीचा कुत्रा कुणाच्या घरचा आणायचा हे वेदीवरून सांगू नका. पण मनात दोनदा म्हटल्यावर ते फार ठेवणीतलं वाटलं, नाटकातल्यासारखं, आणि फादरांनी हळुवार घातलेल्या घड्यांपुढे अगदीच क्षुद्र. तिने ते तिथेच टाकून दिलं.

आता देवळाबाहेर पडल्यावर ती ट्रॉलीबसच्या थांब्यावर उभी राहिली, आणि बस आली तरी चढली नाही. पोलंडमधल्या लुब्लिनचा ऑक्टोबर होता. रस्त्याकडेच्या चेस्टनटांची फळं गाड्यांच्या टपांवर टपटप पडत होती. ती चालत निघाली. चालताना तळघर आठवत होतं. या देवळाखालचंच, जिथे आता लग्नाच्या मेजवान्यांच्या खुर्च्या रचून ठेवतात. ज्या डिसेंबरात कम्युनिस्ट सरकारने लष्करी कायदा पुकारला, रणगाडे रस्त्यावर आले आणि लुडविकला कारखान्याच्या दारातून उचलून नेलं, त्या हिवाळ्यात परदेशातून देवळाच्या नावावर औषधांची खोकी येत. ती नुकती औषधविक्रेती झाली होती; खोक्यांवरची परकी नावं वाचून कोणतं काय हे तीच लावून देई. वर देवळात फादर इग्नात्सी दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी मायभूमीसाठी मिस्सा करत. माणसं जिन्यांवर, अंगणात, रस्त्यावर उभी असत, आणि ते प्रवचनातून सरकारला असं काही सुनावत की अंगावर काटा येई. रेगीना रडे. शेजारी झेनॉन रडे. त्याच्या बरगड्या तेव्हा पट्ट्यांनी बांधलेल्या होत्या. पिर्का नावाच्या एका पोलिसाने त्याला कोठडीत मारलं होतं. असं मारलं होतं की पुढे कित्येक वर्षं त्याला हसताना कूस धरावी लागे. आणि एके दिवशी त्याच पिर्काची बायको तळघराच्या रांगेत येऊन उभी राहिली. पोराच्या छातीत कफ भरलाय, इस्पितळात औषध नाही. रेगीनाचा हात खोक्यावर होता, आणि खोक्यात जे हवं ते होतं. फादर इग्नात्सी कोपऱ्यात उलट्या पेटीवर बसून बटाट्याचं सूप पीत होते. त्यांनी रेगीनाकडे पाहिलं नाही, झेनॉनकडे पाहिलं. झेनॉनने तोंडातल्या तोंडात एक सणसणीत शिवी हासडली, खोक्यातून कुप्या काढायला तिला सांगितलं, टोपी घातली आणि त्या बाईबरोबर पोलिसांच्या वसाहतीत चालत गेला. बाई एकटी गेली तर वाटेत नाक्यावर औषध काढून घेतील म्हणून. दोन तासांनी परतला तो वैतागूनच. "चहा पाजला त्यांनी," म्हणाला. "साखर होती त्यात. आणि मी प्यायलो." सगळं तळघर हसलं, आणि तो कूस धरून सगळ्यांत जास्त.

तो हसणारा झेनॉन आणि कॉलरवर दोरा असलेला झेनॉन यांच्यामध्ये कुठेतरी एक वळण असणार, आणि ते आपल्या डोळ्यांदेखत आलं असणार, कारण मधल्या काळात त्यांची ताटातूट कधी झालीच नव्हती. नाताळच्या जेवणाला दोन्ही घरं एका टेबलावर बसत. लुडविकची शवपेटी ज्यांनी खांद्यावर घेतली, त्यांत झेनॉन उजवीकडे पुढे होता. पण कितीही आठवलं तरी रेगीनाला ते वळण सापडेना. कदाचित वळलेली आपणच असू. झेनॉन सरळ चालत राहिला असेल. तेव्हाही देवळाच्या बाजूने, आताही देवळाच्या बाजूने.

बुधवारी ती त्याच्या घरी गेली. जाऊन काय बोलायचं हे तिने ठरवलं नव्हतं. खसखशीचा केक घेतला होता, रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून. त्याच्या बायकोने, वांदाने दार उघडलं, केक घेतला, आणि "आत आहे, पत्रकांच्या ढिगात बसलाय" असं म्हणून स्वयंपाकघरात गेली ती परत आलीच नाही. झेनॉन जेवणाच्या टेबलावर पत्रकांना घड्या घालत होता. त्याने तिला बस म्हटलं नाही, ऊठही म्हटलं नाही. ती बसली. सवयीने तिचा हात एका पत्रकाकडे गेला आणि मध्येच थांबला. ते त्याला दिसलं.

"नको घालूस घडी," तो म्हणाला. "तुझा घसा बसेल."

ती म्हणाली की तिने ते ठरवून केलं नव्हतं. तो म्हणाला, तर मग जास्तच वाईट. ठरवून केलं असतंस तर भांडता तरी आलं असतं. मग घडी घालता घालता, आवाज जराही न चढवता त्याने सगळं सांगितलं. त्याच्या नातवंडांपैकी एकाचाही बाप्तिस्मा झालेला नाही. धाकटा मुलगा त्याला तोंडावर म्हणतो, बाबा, तुमचे पाद्री. मार कुणी खाल्ला, देऊळ कुणी राखलं, आणि आता देवळाकडे बघून हसायचं कुणी. त्याला सत्ता नको आहे, त्याला फक्त आपल्यामागे काहीतरी उरलेलं हवं आहे. हे सगळं खरं होतं. रेगीनाला त्या मुलाचं हसणं माहीत होतं.

"पण प्रार्थनेत विजय कसा मागायचा रे, झेनॉन?" ती म्हणाली. "त्या दिवशी देवळात दुसऱ्या बाजूला मत देणारेही होते. त्यांनीही म्हणायचं का, प्रभू, आमची प्रार्थना ऐक?"

झेनॉनने हातातलं पत्रक खाली ठेवलं. "इग्नात्सी बोलायचे तेव्हा तू रडायचीस," तो म्हणाला. "माझ्या शेजारी उभी राहून रडायचीस. तेव्हा नाही वाटलं तुला, की मागे पिर्काची आई पण उभी असेल? तेव्हा राजकारण नव्हतं ते? आवडीचं असलं की शुभवर्तमान आणि नावडतं असलं की राजकारण, होय ना?"

ती घरी आली तरी ते वाक्य तिच्याबरोबर होतं. चहा केला, प्यायचा राहिला. तेव्हाचं निराळं होतं असं म्हणणं सोपं होतं: तेव्हा मत द्यायलाच जागा नव्हती, तेव्हा देवळाशिवाय तोंड उघडायला दुसरं छप्पर नव्हतं. हे सगळं बरोबर होतं आणि तरी पुरेसं नव्हतं, कारण ती रडली होती ती असा हिशेब करून नव्हे. ती रडली होती कारण आपण बरोबर आहोत आणि देव आपल्या बाजूला उभा आहे असं तिला वाटलं होतं. आणि झेनॉनला आज नेमकं तेच वाटत होतं. मग तिला आठवलं, किंवा आठवल्यासारखं वाटलं, की अशाच एका रविवारी फादर इग्नात्सींनी विनंत्यांमध्ये रणगाडे रस्त्यावर आणणाऱ्या त्या जनरलसाठी प्रार्थना केली होती. पदाने नाही, आडनावानेही नाही, नुसत्या बाप्तिस्म्याच्या नावाने, एखाद्या आजारी भाच्यासाठी करावी तशी. आणि इतक्या गर्दीतून 'प्रभू, आमची प्रार्थना ऐक' असं जेमतेम आठ-दहा गळ्यांतून आलं होतं, बाकी सगळे घसे बसले होते. असं झालं होतं का? की ती आता, या रिकाम्या घरात, स्वतःला हवं म्हणून ते रचत होती? लुडविकला विचारता आलं नसतं. तो तेव्हा तुरुंगात होता, आणि आता नव्हताच. झेनॉनला विचारता आलं असतं. तिने फोनकडे पाहिलं आणि चहा मोरीत ओतला.

दुसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरची किंगा आली. तिशीतली मुलगी, तोंडाने गोड, जिन्यात भेटली की पिशव्या उचलायची, आणि झेनॉनच्या विरोधातल्या उमेदवाराचं प्रचाराचं काम करायची. तिच्या फोनवर तो रविवार होता; मागच्या बाकांवरून कुणीतरी टिपलेला. हजारो लोकांनी पाहिलाय, किंगा म्हणाली. रेगीनाने पाहिलं. करडा कोट घातलेली एक म्हातारी मेजापाशी उभी होती आणि तिला शब्द विसरल्यासारखे दिसत होते. तोंड उघडून मिटत होतं. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, बंडखोर आजी. किंगाचं म्हणणं होतं की शनिवारी प्रचार बंद होतो, त्यामुळे शुक्रवारी चौकात शेवटची सभा आहे. काकूंनी फक्त मिनिटभर मंचावर यायचं.

"भाषणबिषण नको, काकू. एवढंच म्हणायचं, मी श्रद्धाळू बाई आहे आणि मी गप्प बसले नाही."

"पण मी गप्पच बसले," रेगीना म्हणाली.

किंगा मनापासून हसली. हेच, हेच बोला म्हणाली, लोक उचलून धरतील. मग तिने मंचाचं वर्णन केलं. उमेदवार तिचा हात धरून तिला पायऱ्या चढवेल, मागे मोठा पडदा असेल, पडद्यावर तो रविवार दिसेल. रेगीना तिच्या चकचकीत, कुणाचं वाईट न चिंतणाऱ्या चेहऱ्याकडे बघत होती, आणि तिला स्वच्छ दिसलं की ही पोरही एक विनंतीच घेऊन आली आहे. फक्त वाचायची जागा निराळी. ती म्हणाली, माझी मिस्सा आहे शुक्रवारी. किंगा म्हणाली, सभा मिस्सेनंतर आहे. रेगीना म्हणाली, नंतरही आहे. त्यावर किंगाचा चेहरा जरा उतरला. तुमच्यासारखी माणसं अशी मागे राहतात म्हणून ते लोक जिंकतात, असं ती दारातून म्हणाली. रागाने नव्हे, कळकळीने. दोन दिवसांत दोन माणसांनी तिला मागे राहिलेली ठरवलं होतं, दोन बाजूंनी. मग पुढे नेमकं कोण होतं, आणि कुठे निघालं होतं?

रविवारी ती सकाळच्या मिस्सेला गेली आणि मागे, खांबाआड बसली. विनंत्या एका कॉलेजातल्या मुलीने वाचल्या. त्यांत कुणासाठीही विजय मागितला नव्हता. फादरांनी ती ओळ स्वतःहून काढली होती, की मतदानाच्या दिवशी कायद्याने चालत नाही म्हणून, ते समजायला वाव नव्हता. तिथून ती शाळेत मत द्यायला गेली. मतपत्रिका चादरीएवढी होती. पडद्याआड उभं राहिल्यावर तिला वाटलं, आता तरी काहीतरी वाटेल. तिने किंगाच्या पक्षाच्या नावापुढे फुली मारली, कारण झेनॉनच्या उमेदवाराने सीमा ओलांडताना जंगलात गोठून मेलेल्या निर्वासितांबद्दल केलेला एक विनोद तिने रेडिओवर ऐकला होता आणि तो तिला विसरता येत नव्हता. एवढंच कारण होतं. फुली मारताना तिच्या मनात ना देव होता, ना मायभूमी. कागद पेटीत टाकून ती बाहेर आली, बेकरीतून कांदा-खसखशीची पोळी घेतली आणि बाकावर बसून सगळी खाल्ली, चव न कळता.

झेनॉनची बाजू हरली. सोमवारी जिन्यात किंगाने तिला मिठी मारली, म्हणाली काकू, आपण जिंकलो. रेगीनाने मिठी मारू दिली.

मंगळवारी दुपारी ती कोपऱ्यावरच्या दुकानातून दूध घेऊन येत होती. वारा जोराचा होता. रस्त्यापलीकडे दिव्याच्या खांबाला शिडी लावून झेनॉन वर चढला होता आणि पक्कडीने तारा तोडून उमेदवाराची पाटी सोडवत होता. उत्साहात पाट्या टांगायला आलेली तरुण मंडळी कुठेच दिसत नव्हती. सत्तरीचा माणूस, एका हाताने खांब धरलेला, आणि शिडी प्रत्येक झटक्याला फरशीवर सरकत होती. एक गाडी हळू झाली, आतून कुणीतरी भोंगा वाजवून ओरडलं, "उतरा आता आजोबा, उतरा! जा, जपमाळ ओढत बसा!" आणि हशा घेऊन गाडी पुढे गेली. झेनॉनने वळून पाहिलं नाही. त्याने पक्कड दुसऱ्या तारेला लावली. हसणारे आपलेच, रेगीनाच्या मनात आलं, फुलीने आपले. तिने काही ठरवलं नाही, निदान तिला तसं आठवत नाही. रस्ता ओलांडून तिने दूध भिंतीपाशी ठेवलं आणि शिडी दोन्ही हातांनी धरली.

झेनॉनने वाकून खाली पाहिलं.

"तू कुणाला दिलंस?" झेनॉनने विचारलं.

"तुला माहीत आहे."

"माहीत आहे," तो म्हणाला, आणि तार तोडली.

तो तोडत होता तेवढ्यात किंगा सायकलवरून आली, पुढे गेली, आणि पाय टेकून थांबली. तिला खरंच कळत नव्हतं. "काकू, तुम्ही? या लोकांबरोबर काय करताय?"

"शिडी हलत होती," रेगीना म्हणाली.

किंगाने आणखी काही ऐकायला मिळेल म्हणून वाट पाहिली. मिळालं नाही, तेव्हा ती खांदे उडवून निघून गेली. शेवटची तार तुटली आणि पाटी वाऱ्याने एकदम फिरली. झेनॉनने ती कशीबशी खाली सोडली, रेगीनाने अंगावर घेतली. पाटी तिच्याएवढीच उंच होती. झेनॉन सावकाश एकेक पायरी उतरला, खाली आल्यावर कूस धरून उभा राहिला आणि म्हणाला की गाडी पार देवळाच्या फाटकापाशी लावलीय, इथे जागाच मिळाली नाही. पुढचा खांब फाटकाशेजारचाच आहे. त्याने शिडी खांद्यावर घेतली. शांतीबद्दल, हाताबद्दल, त्या रविवारबद्दल तो एक शब्द बोलला नाही, आणि बोलेल असं तिला वाटलंही नव्हतं. ती पाटी छातीशी धरून त्याच्यामागे निघाली. तो मोठा गुळगुळीत चेहरा बाहेरच्या बाजूला होता. समोरून येणारी माणसं आधी चेहऱ्याकडे बघत, मग वर तिच्या डोक्याकडे. एका बाईने तिला ओळखलं आणि ती रस्ता सोडून कडेला झाली.

झेनॉन थांबला. "उलटी धर ती," तो मागे वळून म्हणाला. "लोक बघतायत. त्यांना वाटेल, तू आमच्यातली."

"चल तू," रेगीना म्हणाली. "वारा आहे. उलटी करायला गेले तर हातातून जाईल."